खडीतली मोकळी जागा

दहा लिटरची एक बादली घ्या आणि बांधकामाची २० मिलिमीटरची कोरडी खडी तिच्यात काठोकाठ भरा. आता लिटरच्या मापानं मोजत तिच्यात पाणी ओता. बादली भरलेली दिसते, तरी पाणी काठाशी यायला बराच वेळ लागतो. साडेचार लिटर, कधी पाच लिटरसुद्धा पाणी त्या ‘भरलेल्या’ बादलीत मावतं. म्हणजे खडीच्या ढिगात निम्म्याच्या आसपास दगड नसतोच, नुसती मोकळी जागा असते. बांधकामाच्या भाषेत तिला पोकळी म्हणतात.

खडी समजून घ्यायची तर या पोकळीपासून सुरुवात करावी. रस्त्याखाली ती बंद करायची असते आणि रेल्वेच्या रुळाखाली जिवापाड जपून उघडी ठेवायची असते. स्लॅबमध्ये ती सिमेंट-वाळूनं भरून काढायची, तर शोषखड्ड्यात तिच्यातून सांडपाणी वाहू द्यायचं. दगड एकाच खाणीतला असला तरी खडीचा आकार, तिचा दर्जा आणि ती टाकायची पद्धत या एका गोष्टीवरून ठरते: तिच्यातल्या मोकळ्या जागेचं आपल्याला काय करायचं आहे?

आधी खडी म्हणजे नेमकं काय ते पाहू. भारतीय मानकांप्रमाणे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जे खाली पडतं ती वाळू आणि जे वर राहतं ती खडी. बांधकामात १०, १२.५, २० आणि ४० मिलिमीटर ही मापं नेहमीची. या सीमेच्या आसपासची बारीक खडी ती कच. हाताच्या पंजाएवढे आणि त्याहून मोठे दगड म्हणजे डबर. ते पायात किंवा फरशीखालच्या सोलिंगला जातात. विदर्भात खडीला गिट्टी म्हणतात, आणि रेल्वेचे कामगार तर राज्यात कुठेही गिट्टीच म्हणतात. क्रशरवर ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ अशी नावं चालतात, पण ती जिल्ह्यागणिक बदलतात. म्हणून खडी मागवताना माप मिलिमीटरमध्येच सांगावं.

नदीतले गोटे हा वेगळा प्रकार. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला गोटा आणि फोडून काढलेली टोकदार खडी दोन्ही दगडच, पण त्यांचं वागणं अगदी वेगळं. गोटे एकमेकांवरून घसरत नीट बसतात, म्हणून त्यांच्या ढिगात पोकळी कमी असते. टोकदार खडी कशीही अडकून बसते, म्हणून तिच्यात पोकळी जास्त. पण ढिगावर भार आला की गोटे सरकतात आणि खडीची टोकं एकमेकांत रुतून बसतात. वाळूच्या ढिगापेक्षा खडीचा ढीग जास्त उभा राहतो तो याच गुणामुळे. भार पेलायचा असेल तिथे फोडलेली खडी लागते; नदीचे गोटे पाणी गाळायच्या टाक्यांमध्ये चांगलं काम देतात.

महाराष्ट्राला खडीची वाण कधी पडली नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार घडलं. तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, राज्याच्या बहुतेक भागात मातीखाली बसलेला आहे. एक घनमीटर घट्ट बेसाल्ट पावणेतीन टनांहून जास्त भरतो. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. थराचा मधला घट्ट भाग खडीला उत्तम. थराच्या माथ्याकडे लाव्ह्यातला वायू बुडबुडे होऊन अडकलेला असतो. तिथला दगड जाळीदार आणि हलका असतो, त्याची खडी लवकर पिचते. वरच्या थराचा दगड हवापाण्यानं कुजून भुसभुशीत झाला की त्याचा मुरूम होतो. विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग फोडताना ठिणग्या उडवणारा कातळ लागतो, हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता माहीत असतं. कोकणातला जांभा चिऱ्यासाठी छान, पण तो सच्छिद्र आणि मऊ. म्हणून जांभ्याच्या मुलखातही स्लॅब घालायचा तर खडी काळ्या दगडाचीच आणावी लागते. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत ग्रॅनाइट आणि नाइसचे जुने खडक आहेत, तिथली खडी रंगावरूनच ओळखू येते.

कातळापासून खडीपर्यंतचा प्रवास आज यंत्रांनी होतो. आधी माथ्यावरची माती आणि मुरूम काढतात. मग ठरावीक अंतरावर भोकं पाडून सुरुंग भरतात. भोंगा वाजतो, माणसं लांब जातात, कातळ फुटतो. त्यातले ओबडधोबड दगड डंपरनं क्रशरवर येतात. पहिलं यंत्र जबड्याचं. एक पोलादी ताट पक्कं बसवलेलं असतं, दुसरं पुढे-मागे हलतं, आणि दोघांमधली फट वर रुंद, खाली अरुंद असते. दगड वरून पडतो, चेपला जातो, फुटतो, थोडा खाली सरकतो, पुन्हा चेपला जातो. हे यंत्र अमेरिकेतल्या इलाय व्हिटनी ब्लेक यांनी बनवलं. आपल्या गावाच्या रस्त्याला लागणारी खडी हातानं फोडायला किती वेळ जातो हे पाहून त्यांनी ते रचलं आणि १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही जगभरच्या क्रशरमध्ये पहिला घास घेणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं.

पण जबड्यात चेपून निघालेल्या खडीत एक दोष राहतो. तिच्यात चपटे आणि लांबट तुकडे बरेच निघतात. चपटा तुकडा आडवा पडला की त्याच्याखाली पाणी आणि हवा अडकते, आणि वरून भार आला की तो मधोमध मोडतो. म्हणून चांगल्या क्रशरवर जबड्यानंतर शंकूचं किंवा आपटून फोडणारं यंत्र असतं. आपटून फोडणाऱ्या यंत्रात दगड वेगानं फेकून दगडावरच आपटतात, त्यामुळे तुकडा चौकोनी-घनाकार होतो. शेवटी थरथरणाऱ्या चाळण्या, एकाखाली एक. वरच्या चाळणीवर ४० मिलिमीटरची, तिच्याखालच्या चाळण्यांवर २० आणि १० मिलिमीटरची, आणि तळाशी कच आणि भुकटी. हीच भुकटी धुऊन, घासून तिची कृत्रिम वाळू होते. नद्यांचं पात्र वाचवायला तिचा मोठा उपयोग आहे आणि राज्य सरकारनं २०२५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरणही आणलं.

यंत्रं येण्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं महाराष्ट्राची खडी माणसांनी फोडली. वडार समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या दगडात गेल्या. गाडी वडार दगड फोडून वाहत, माती वडार मातीकाम करत, जाते वडार जाती-पाटे घडवत. दगडाची शीर कुठून जाते, घणाचा घाव कुठे घातला की तो सरळ दुभंगतो, हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. या राज्यातली धरणं, रस्ते आणि रेल्वे उभारण्यात त्या हातांचा वाटा फार मोठा आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि ज्यांनी कधी हातात हातोडी धरली नव्हती ती शेतकरी कुटुंबंही खडी फोडायला बसली. गावोगाव दुष्काळी कामं निघाली, खडी केंद्रं उघडली. घरात चार एकर जमीन असलेली बाई रणरणत्या उन्हात दगडांच्या राशीपुढे बसायची आणि मजुरी ठरायची फोडलेल्या खडीच्या मापावर. कामावर खायला सुकडी वाटली जायची. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, हातोडीची फुटलेली ठिणगी डोळ्यात जाण्याची भीती ते अजून सांगतात. या दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे संपूर्ण देशाच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला याच योजनेचा अनुभव कामी आला. त्या वेळी फोडलेली खडी ज्या रस्त्यांत गेली त्यातले कितीतरी आज डांबराखाली तसेच आहेत.

या खडीनं रस्ता कसा बनतो ते आता सावकाश पाहू, कारण पोकळीची सगळी गंमत इथे दिसते.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचे सर्व्हेअर झाले. त्या काळी रस्त्याखाली मोठमोठे दगड रचायची पद्धत होती. मॅकॅडम यांचं म्हणणं वेगळं होतं. भार शेवटी जमीनच पेलते, आणि जमीन कोरडी असेल तर ती कितीही भार पेलते. म्हणून रस्त्याचं खरं काम जमिनीला पाण्यापासून वाचवायचं. त्यासाठी मोठे दगड नकोत, लहान टोकदार खडी हवी. एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नको. अशी खडी गाड्यांच्या लोखंडी धावांखाली दाबली जाते, टोकं एकमेकांत रुततात, चाकांनी झालेला भुगा पोकळीत जाऊन बसतो आणि वरचा थर घट्ट होतो. रस्ता मध्ये थोडा उंच ठेवायचा, दोन्ही बाजूंना गटारं खणायची. इतकी साधी कल्पना, पण तिनं युरोपातले रस्ते बदलले आणि पुढे भारतातलेही.

आपल्या गावातल्या फलकावर ‘खडीकरण व डांबरीकरण’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं खडीकरण म्हणजे याच पद्धतीचं नंतरचं रूप. आधी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून तळ तयार करतात. त्यावर साधारण ४५ ते ६३ मिलिमीटरची खडी पसरतात आणि कोरडीच दाबतात. आठ-दहा टनी रोलर कडेकडून मध्याकडे जातो, मध्याकडून कडेकडे नाही. तसं केलं तर खडी बाहेर सरकते. खडी रोलरखाली हलेनाशी झाली की तिच्यावर कच पसरून झाडूनं पोकळीत घालतात, पुन्हा रोलर. मग पाणी, मग मुरुमाचा चिकटा, पुन्हा पाणी आणि रोलर. दाबून झालेला एक थर ७५ मिलिमीटरचा होतो.

या क्रमात कुठेही घाई केली तर रस्ता फसतो. आधीच कच टाकली तर ती खडीच्या मध्ये जाऊन बसते आणि मोठे तुकडे एकमेकांना टेकतच नाहीत. मग भार खडीकडून खडीकडे न जाता भुकटीवर येतो. मुरूम जास्त झाला तर पहिल्याच पावसात चिखल. पाणी कमी पडलं तर पोकळी वरवर भरलेली दिसते आणि आत रिकामी राहते. गावात असं काम चालू असेल तर तास-दोन तास उभं राहून बघावं. कोणत्याही तक्रारअर्जापेक्षा ते उपयोगी पडतं, कारण एकदा डांबर पडलं की आतलं काही दिसत नाही.

डांबर आलं ते मोटारीमुळे. रबरी टायर जोरात जाताना खडीमधली भुकटी उचलून नेऊ लागले, रस्ते धुळीनं भरले आणि खडी सुटी होऊ लागली. मग पोकळी डांबरानं बंद करायची पद्धत आली. गरम खडी आणि १५०-१६० अंशांवर तापवलेलं डांबर एकत्र घोळतात, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर पातळ काळा लेप चढतो. इथे आपल्या बेसाल्टचा एक गुण कामी येतो. ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या खडीपेक्षा बेसाल्टला डांबर जास्त घट्ट चिकटतं, आणि पाण्यानं ते सुटायला वेळ लागतो. पण खडी धुळीनं माखलेली असेल तर हा गुण वाया जातो; डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

खड्डा कसा पडतो हेही यातूनच कळतं. वरच्या थराला बारीक भेग पडते. पाणी आत जाऊन खडीच्या पोकळीत साचतं. चाक वरून गेलं की त्या पाण्यावर दाब येतो, ते जोरानं बाहेर येतं आणि येताना बारीक भुकटी घेऊन येतं. हजारो चाकं गेली की खडीला धरून ठेवणारं काही उरत नाही, एक तुकडा सुटतो, त्याच्या शेजारचे मोकळे होतात. कडेचं गटार तुंबलेलं असेल किंवा साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल तर हे सगळं दुप्पट वेगानं घडतं. म्हणून पावसाळ्यात खड्ड्यात नुसती सुटी खडी आणि मुरूम ओतणं मला अक्षम्य वाटतं. ना ती दाबलेली असते, ना बांधलेली. आठवड्यात ती पसरून रस्त्यावर येते आणि वळणावर दुचाकीस्वारांच्या चाकाखाली गोळ्यांसारखी सरकते. खड्डा चौकोनी कापून, आतलं पाणी काढून, कडांना डांबर लावून, थर देऊन दाबला तरच तो बुजतो.

रेल्वेत हे सगळं उलटं चालतं. रुळाखालची खडी कधीच भरायची नाही.

भारतीय रेल्वे साधारण २० ते ६५ मिलिमीटरची टोकदार खडी वापरते आणि सिमेंटच्या स्लीपरखाली तिचा २५ ते ३५ सेंटिमीटरचा थर असतो. नेहमीच्या मुख्य मार्गावर एका किलोमीटरला १,६६० स्लीपर, म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक. इंजिनाच्या चाकाचा भार रुळावर येतो, रुळावरून स्लीपरवर, स्लीपरखालच्या खडीत तो तुकड्यातुकड्यांतून पसरत खाली जातो आणि मातीपर्यंत पोचेपर्यंत मवाळ होतो. पावसाचं पाणी पोकळीतून तत्काळ खाली जाऊन बाजूला निघून जातं. माती साठत नाही म्हणून गवत वाढत नाही. आणि रूळ कुठे खचला तर खडी उचलून, स्लीपरखाली ठासून, तो पुन्हा पातळीत आणता येतो. पूर्वी हे काम ट्रॅकमन बीटर नावाच्या अवजारानं करत, आता बहुतेक ठिकाणी टॅम्पिंग मशीन लोखंडी बोटं खडीत खुपसून करतं.

खडीचं आणखी एक काम प्रवाशांच्या लक्षात येत नाही. हल्ली रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात. एक किलोमीटर मोकळा रूळ तापमान ३० अंशांनी वाढलं तर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब झाला असता. पण त्याला लांब व्हायला जागाच दिलेली नसते. उन्हाळ्यात ही सगळी ताकद त्याच्या आत दाबून राहते आणि तो बाजूला वाकू पाहतो. त्याला धरून ठेवते ती स्लीपरच्या पोटातली आणि टोकांशी रचलेली खडी. म्हणून रुळांच्या बाहेरच्या बाजूला खडीचा उंचवटा ठेवतात आणि म्हणूनच भर उन्हात खडी उकरायची कामं फार जपून करतात. रुळावरची खडी उचलून खेळणाऱ्या किंवा गाडीवर फेकणाऱ्या मुलांना हे समजावून सांगायला हवं.

मोकळी जागा कायम मोकळी राहत नाही. गाड्यांच्या धक्क्यांनी खडीची टोकं झिजतात, भुकटी होते. खालून चिखल वर येतो, वरून कोळसा-धूळ पडते. पोकळी भरली की पाणी थांबतं आणि मग खडीचा थर चिखलात बसतो. यासाठी साधारण दहा वर्षांनी पूर्ण खडी उपसून, चाळून, भुकटी टाकून देऊन, स्वच्छ खडी परत घालतात. हे काम करणारी लांबलचक यंत्रं रात्रीच्या ब्लॉकमध्ये चालतात. मुसळधार पावसात ‘रुळाखालची खडी वाहून गेली’ अशी बातमी येते तेव्हा रूळ जागेवर दिसत असला तरी हवेत लोंबकळत असतो. गाडी थांबवणं भाग असतं. मेट्रोच्या उड्डाणमार्गावर आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर खडीच नाही, रूळ थेट काँक्रीटवर बसवतात. तिथे देखभाल कमी, पण एकदा चूक झाली तर दुरुस्ती फार अवघड. खडीवरचा रूळ चुका माफ करतो, हे खडीचं मोठं बळ आहे.

घर बांधणाऱ्यासाठी काँक्रीटमधली खडी सर्वांत जवळची. स्लॅबच्या घनफळात खडी आणि वाळू मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास असतात. सिमेंट महाग आणि ते सुकताना आकसतं, म्हणून पोकळी शक्य तितकी दगडानंच भरायची, उरलेली सिमेंटच्या लगद्यानं. त्यासाठी एकाच मापाची खडी वापरत नाहीत. ६० टक्के २० मिलिमीटरची आणि ४० टक्के १० मिलिमीटरची असं मिश्रण बहुतेक साइटवर चालतं. मोठ्यांच्या मधल्या फटीत लहान बसतात, त्यांच्या फटीत वाळू. सुरुवातीच्या बादलीत खडीबरोबर कच आणि वाळू मिसळून पाहा, मावणारं पाणी जवळजवळ निम्मं होतं.

खडी घेताना पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. मूठभर खडी ओल्या हातानं चोळा. हाताला चिखल लागला तर ती धुवायला हवी. चपटे, लांबट तुकडे वेगळे काढून पाहा. फार असतील तर क्रशर बदला. जाळीदार, वजनाला हलका किंवा विटकरी झाक असलेला दगड नको. माप ब्रासमध्ये असतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, आणि त्याचं वजन चार ते साडेचार टन. डंपरच्या हौद्याची लांबी-रुंदी-उंची स्वतः टेपनं मोजा. वाटेत हादऱ्यांनी खडी बसते आणि पातळी खाली जाते, त्यामुळे माप कुठे घ्यायचं, क्रशरवर की दारात, हे आधीच बोलून घ्या. आणि ती मातीवर उतरवू नका. ढिगाचा तळचा भाग वायाच जातो.

पाणी जिरवायचं असेल तिथेही पोकळी रुळाखालच्यासारखी मोकळीच ठेवतात. शोषखड्ड्यात तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी असे थर देतात. सांडपाणी फटींतून पसरत मातीत जिरतं आणि उघड्या गटारावर वाढणाऱ्या डासांना जागाच उरत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर असे खड्डे करून गाव गटारमुक्त केलं आणि त्याची पद्धत नंतर जिल्हाभर गेली. खड्डा पाच-सहा वर्षांनी भरून जातो, कारण फटी गाळानं बुजतात. तेव्हा दगड काढून, धुऊन परत घालायचे, रेल्वेसारखंच. तापी-पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात बोअरवेल घेताना जाळीच्या पाइपभोवती बारीक गोलसर खडीचा वेढा देतात. त्यामुळे पाणी आत येतं आणि वाळू बाहेर राहते.

वीज उपकेंद्राच्या आवारात पसरलेली खडी पाहून अनेकांना ती शोभेची वाटते. तिथे बिघाड झाला तर क्षणभर प्रचंड वीज जमिनीत उतरते आणि जमिनीवर दोन पावलांमध्येही विजेचा दाब तयार होतो. ओल्या काळ्या मातीतून वीज सहज जाते. खडीचे तुकडे एकमेकांना टोकांनीच टेकतात, मध्ये हवा असते, पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही. म्हणून त्या थरावर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगातून फार कमी वीज जाते. ट्रान्सफॉर्मरखालच्या खड्ड्यातही खडी असते. जळतं तेल सांडलं तर ते फटींत उतरतं, थंड होतं, हवा मिळत नाही आणि आग विझते.

हे सगळं ज्या डोंगरांतून येतं ते मात्र परत भरून येत नाहीत. खडी जड आणि स्वस्त, त्यामुळे लांबून आणणं परवडत नाही आणि प्रत्येक शहर आपल्या कुशीतला डोंगर खातं. पुण्याजवळ वाघोली आणि मोशी, नवी मुंबईत पारसिकचा डोंगर, नाशिकजवळ सारूळ ही नावं सर्वांना माहीत आहेत. कायद्याच्या भाषेत खडी हे ‘गौण खनिज’, १९५७ च्या खनिज कायद्यातल्या व्याख्येतच तिचं नाव आहे, आणि परवानगी, स्वामित्वधन, ब्रासवारी सगळं महसूल खात्याच्या हातात असतं. गौण या शब्दामुळे दुर्लक्ष होतं असं मला वाटतं. खाणीवर पाणी फवारलं नाही तर क्रशरची धूळ कामगारांच्या फुप्फुसात आणि शेजारच्या पिकांवर बसते. खोदून सोडलेल्या खाणीत पाणी साचतं आणि त्याभोवती कुंपण नसतं. कामगारांच्या वस्त्या खाणीबरोबर हलतात आणि मुलांची शाळा सुटते. वाघोली परिसरात ‘संतुलन’ संस्थेनं खाणीवरच पाषाणशाळा सुरू केल्या त्या याच मुलांसाठी.

नवी खडी कमी लागावी म्हणून एक वाट आता मोकळी झाली आहे. पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडून, लोखंड काढून, चाळून त्याची पुन्हा खडी करता येते. २०१६ च्या सुधारित मानकानं (आय. एस. ३८३) तिला मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ दर्जापर्यंतच्या लोखंडी काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि फरशीखालच्या कमी ताकदीच्या थरात पूर्णपणे. या खडीवर जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, त्यामुळे ती नव्या खडीपेक्षा जास्त पाणी पिते. वापरण्याआधी ती भिजवून घ्यावी लागते, नाहीतर काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते. जुनी इमारत पाडणारा ठेकेदार मलबा कुठे नेतो हे सोसायटीनं विचारलं आणि फरशीखालच्या थराला हीच खडी मागितली, तर डोंगरातून येणारे काही डंपर तरी कमी होतील.